द्विलक्षीत काय मिळतं ते नंतर, काय सुटतं ते आधी

पत्र: मुलाला यंदा दहावीला ७१.२० टक्के मिळाले. गणितात ५८, विज्ञानात ६९, इंग्रजीत ६३. सुट्टीभर तो मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. मिक्सर, पाण्याचा पंप खोलून पुन्हा जोडण्यात त्याचं मन लागतं. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हा द्विलक्षी (बायफोकल), म्हणजे विज्ञानासोबत शिकायचा व्यवसाय विषय आहे. चौकशी केली तर खिडकीवर सांगितलं, "गणित कच्चं आहे ना, मग गणित सोडा, बायो ठेवा आणि बायफोकल घ्या. ओझं कमी, मार्क जास्त." मुलाच्या वडिलांना त्याने इंजिनीअर व्हायला हवंय. मुलगा म्हणतो, एमसीव्हीसीला (अकरावी-बारावीच्या व्यवसाय शाखेला) जातो. शेजारी म्हणतात, डिप्लोमाला घाला. पसंतीक्रम भरायला चार दिवस उरलेत. काय करावं? एमसीव्हीसीवरून इंजिनीअरिंगला जाता येतं का? आणि द्विलक्षीत मराठी सुटते, त्याने पुढे काही अडेल का?
– एक आई, लांजा

ताई, नमस्कार.

चार दिवसच आहेत, म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. मुलाने गणित सोडू नये. पहिला प्रयत्न शासकीय किंवा अनुदानित तंत्रनिकेतनातल्या इलेक्ट्रिकल डिप्लोमासाठी करावा. तिथे नंबर लागला नाही तर अकरावी विज्ञान, गणितासह, आणि त्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. एमसीव्हीसी तिसऱ्या जागी. तो अभ्यासक्रम कमी दर्जाचा म्हणून नव्हे, तर तुमच्या घरात 'इंजिनीअर' हा शब्द बोलला जातोय म्हणून. तो शब्द घरातून गेला, तर क्रम बदलेल.

आता खिडकीवर मिळालेला सल्ला तपासू. विज्ञान शाखेला सहा विषय, ६०० गुण. इंग्रजी, दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक विषय. बहुतेकांचे भौतिक, रसायन, गणित, जीव. पर्यावरण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण सगळ्यांनाच असतं, ते सध्या बाजूला ठेवू. द्विलक्षी विषय एकटाच २०० गुणांचा असतो, त्यामुळे तो दोन विषयांच्या जागा घेतो. एक जागा दुसऱ्या भाषेची, ती जातेच. दुसरी जागा ऐच्छिक विषयांतल्या एकाची. भौतिक आणि रसायन सहसा कुणी हलवत नाही, म्हणजे उरतात गणित आणि जीवशास्त्र. या दोघांपैकी कोणाला बाहेर काढायचं, हाच द्विलक्षीतला खरा निर्णय. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स घ्यायचं की कॉम्प्युटर सायन्स, हा प्रश्न त्यानंतरचा.

"मार्क जास्त" हे खोटं नाही. द्विलक्षीच्या २०० गुणांत ५० गुणांचे दोन लेखी पेपर आणि १०० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. भौतिकशास्त्रात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०, गणितात लेखी ८०. ज्या विषयात निम्मे गुण प्रयोगशाळेत मिळतात, त्यात नीट जर्नल ठेवणाऱ्या, हात चालणाऱ्या मुलाची टक्केवारी वर जाते, यात नवल नाही. प्रश्न आहे तो या वाढलेल्या टक्क्यांचं पुढे काय करायचं याचा. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागत नाही, ती सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) किंवा जेईईवर (देशपातळीवरची) लागते. बारावीचे गुण तिथे पात्रतेपुरते. बीएस्सी, बीकॉमसारख्या प्रवेशांना बारावीचे गुण बघतात, तिथे ही वाढ कामाला येते. म्हणजे ज्याला इंजिनीअर व्हायचंय त्याने टक्के वाढवण्यासाठी गणित सोडायचं, तर तो दुकानाचं भाडं वाचवायला गिऱ्हाईकच सोडून देतो.

द्विलक्षीचा एक फायदा मात्र खिडकीवर कुणी सांगत नाही, आणि तुमच्या मुलासारख्यांना तो उपयोगी पडतो. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या पात्रतेत भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे असतात, पण तिसऱ्या विषयात पर्याय असतो: रसायन, जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा तांत्रिक-व्यावसायिक विषय. या तिघांचे मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. रसायनात मूल जेमतेम पास झालं आणि द्विलक्षीत चांगले गुण असले, तर प्रवेश अर्जात तिसरा विषय म्हणून द्विलक्षी दाखवता येतो. हे चालतं ते पात्रतेपुरतं. सीईटीत रसायन आहेच: भौतिक ५० प्रश्न, रसायन ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, आणि गणित ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. एकूण २००, वेळ तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०० पैकी १०० एकट्या गणिताचे, हे मुलाच्या वडिलांना जरूर दाखवा. प्रश्न साधारण २० टक्के अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. द्विलक्षी विषयावर एकही नसतो.

म्हणून "ओझं कमी" हे मात्र चुकीचं आहे. भाषा गेली आणि तिच्या जागी दोन पेपर, प्रात्यक्षिकं, जर्नल आणि तोंडी परीक्षा आली. सीईटीची तयारी त्याच्या बाहेर. विषयाची गोडी असलेल्या मुलाला हे ओझं वाटत नाही. गोडी नसेल तर बारावीच्या दिवाळीनंतर जर्नलं उतरवून काढण्यात आठवडे जातात. खरंच हलकं हवं असेल तर द्विलक्षी न घेता दुसरी सोय आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घ्यावं, ते १०० गुणांचं, त्यातले ८० ऑनलाइन परीक्षेचे. आणि जीवशास्त्राच्या जागी भूगोल किंवा मानसशास्त्र, महाविद्यालयात असेल ते. सीईटीवाली मुलं बरीचशी हेच करतात.

गणित गेलं की कोणती दारं लागतात? अभियांत्रिकीची पदवी, वास्तुरचना, बीएस्सीत गणित-संख्याशास्त्र, एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल आणि नौदल विभागांची. (एनडीएच्या लष्कर विभागालाही विज्ञान शाखाच लागते हा गैरसमज काढून टाका, तिथे कुठलीही शाखा चालते.) जीवशास्त्र गेलं तर वैद्यकीय, आयुर्वेद, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग ही दारं लागतात, बी. फार्मसीचं दार गणितवाल्यांनाही उघडं असतं. तुमच्या पत्रात डॉक्टर, नर्स, लॅब यांचा एकदाही उल्लेख नाही. मग जीवशास्त्र राखून ठेवायचं कुणासाठी?

शिवाय एक तपासणी करा. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल यांसारखे तांत्रिक द्विलक्षी विषय बहुतेक ठिकाणी गणिताशीच जोडलेले असतात. पीकशास्त्र, मत्स्यपालन, पशुसंवर्धन यांची जोडी जीवशास्त्राशी बसते. "जीवशास्त्र आणि इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हा गट मंजूर आहे का?" असं महाविद्यालयाला विचारा आणि माहितीपत्रकातला तो गट बोट ठेवून दाखवायला सांगा. खिडकीवरचा माणूस वाईट हेतूने बोलला असेल असं नाही. समोरच्या मुलाचे ५८ गुण त्याने बघितले आणि वर्षानुवर्षांचं ठरलेलं वाक्य म्हटलं.

आणि गणित सोडून पस्तावलेल्यांसाठी एक वाट असते. बारावी पास झाल्यावर राज्य मंडळाच्या परीक्षेला एखादा विषय 'तुरळक विषय' म्हणून देता येतो, अर्ज कनिष्ठ महाविद्यालयातर्फे भरायचा. पण त्यात सहसा एक वर्ष जातं, आणि बारावीचं गणित अकरावीच्या पायाशिवाय एकट्याने करायचं असतं. ही आपत्कालीन खिडकी आहे. तिच्या भरवशावर आज गणित सोडू नये.

आता त्या ५८ गुणांकडे बघू, कारण सगळं तिथेच अडलंय. दहावीच्या गणिताचे १०० गुण म्हणजे बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २०. अंतर्गत गुण शाळा सढळ हाताने देते. समजा १८ मिळाले, तर लेखी ८० पैकी ४० च उरतात. विज्ञानाच्या ६९ चंही तसंच. हे घाबरवायला सांगत नाही. मुद्दा असा की हे ४० कोणत्या प्रश्नांतून आले आणि कोणत्यांत गेले, हे शोधल्याशिवाय 'कच्चं' म्हणण्यात अर्थ नाही.

उद्या सकाळी एक तास काढा. दहावीच्या पाठ्यपुस्तकातली बारा उदाहरणं द्या: दोन चलांतली रेषीय समीकरणं चार, वर्गसमीकरणं चार, त्रिकोणमिती चार. पुस्तक मिटून, घड्याळ लावून. मग गुण मोजू नका, चुका वाचा. चिन्ह चुकलं, ओळ गाळली, वजाबाकी फसली, तर ती सरावाची उणीव आहे आणि ती सहा महिन्यांत भरते. समीकरण मांडताच आलं नाही, 'एक्स म्हणजे काय घ्यायचं' इथेच गाडी थांबली, तर उणीव खोल आहे. बारापैकी सहा-सात मांडणीपर्यंत नीट गेली तर आमचा वरचा क्रम तसाच ठेवा. तीन-चारच्या वर गेली नाहीत तर एमसीव्हीसी किंवा आयटीआय वर आणा, आणि वडिलांना हीच वही दाखवा. भूमितीची प्रमेयं या परीक्षेत घेतली नाहीत, कारण पुढच्या तांत्रिक शिक्षणात बीजगणित आणि त्रिकोणमिती जास्त लागते. भूमितीत मार खाल्लेली बरीच मुलं तिथे बरी चालतात.

डिप्लोमा वर का ठेवला? दहावीनंतर तीन वर्षं, सहा सत्रं, परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. दहावीला किमान ३५ टक्के असले की अर्ज करता येतो, प्रवेश दहावीच्या गुणांवर, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय फेऱ्यांतून. नंतर थेट दुसऱ्या वर्षी अभियांत्रिकीला जाता येतं, डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटीशिवाय. त्यासाठी मंजूर जागांच्या १० टक्के जादा जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. हिशेब मांडा: अकरावी-बारावी दोन आणि पदवी चार, सहा वर्षं. डिप्लोमा तीन आणि पदवी तीन, तीही सहाच. फरक एवढाच की पहिल्या वाटेवर दुसऱ्या वर्षाअखेर हातात फक्त बारावी असते, दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर कनिष्ठ अभियंता पदाच्या भरतीला अर्ज करता येईल अशी पात्रता असते. वडिलांचं म्हणणं यात राहतं आणि मुलाला पहिल्या वर्षापासून कार्यशाळेत उभं राहायला मिळतं.

बिघडतं कुठे? पहिल्याच वर्षी, आणि जवळजवळ नेहमी गणितात. पहिल्या सत्राच्या मूलभूत गणितात लॉगरिदम, आंशिक अपूर्णांक, त्रिकोणमिती, सरळ रेषा, विकलन असं येतं. दुसऱ्या सत्राच्या उपयोजित गणितात संकलन. लेखी पेपर ७० गुणांचा. चाचणीतल्या गुणांच्या भरवशावर राहून चालत नाही. दहावीला अंतर्गत गुणांवर तरलेलं मूल इथे बुडतं. 'राहिलेला विषय पुढे काढू' म्हणत दोन-तीन विषय मागे राहतात आणि मग इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया. दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातल्या मुलाला पहिले चार महिने पुस्तकातलं गणित नाही, पुस्तकातलं इंग्रजी अडतं. काही संस्थांत मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची सोय आहे, ती विचारून घ्या. इंग्रजीत ६३ आहेत, तेव्हा अभियांत्रिकी रेखाचित्रं आणि शास्त्राचे शब्द यांचा सराव लावला की दुसऱ्या सत्रापर्यंत हे सुटेल. गणिताला मात्र आठवड्याला ठरलेले पाच-सहा तास द्यावे लागतील, पहिल्या आठवड्यापासून.

डिप्लोमावरून पदवीला गेलेल्यांचं पुढचं अडखळण्याचं ठिकाणही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. थेट दुसऱ्या वर्षात बसल्यावर पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलं नसतं, आणि समोर येतं एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सत्राचं अभियांत्रिकी गणित. उन्हाळ्याच्या त्या दोन महिन्यांत पहिल्या वर्षाचं संकलन आणि मॅट्रिक्स उरकून गेलेली मुलं तरतात.

अर्ज भरताना तीन गोष्टी. एक, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिकवणी शुल्क माफीच्या जागा असतात, त्यांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात. त्यांचा पर्याय-क्रमांक वेगळा असतो. साधा क्रमांक भरून 'आपोआप सवलत मिळेल' म्हणून बसणारे पालक दरवर्षी दिसतात. दोन, अनुसूचित जाती-जमाती सोडून अन्य मागास प्रवर्गातून अर्ज करत असाल तर नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत आजच बघा. ३१ मार्चला संपलेलं जुनं प्रमाणपत्र चालत नाही आणि नवं मिळायला वेळ लागतो. तीन, पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर तो प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून जिथे खरंच पाठवणार नाही ते नाव वर टाकू नका. रोजच्या एसटीने जाता येईल की वसतिगृह लागेल, हे ठरवूनच क्रम लावा.

एमसीव्हीसीबद्दल. 'किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम' या लांबलचक नावाने हे १९८८-८९ पासून सुरू आहे. नंतर त्याची फेररचना होऊन कागदोपत्री 'उच्च माध्यमिक व्यवसाय शिक्षण' असं नाव आलं, लोकांच्या तोंडी मात्र एमसीव्हीसीच राहिलं. द्विलक्षी हा विज्ञानातला एक विषय, एमसीव्हीसी ही स्वतंत्र शाखा, हा फरक मुलाला नीट समजावा. इथे इंग्रजी, एक भारतीय भाषा, सामान्य पायाभूत अभ्यासक्रम आणि उरलेलं सगळं व्यवसायाचं: लेखी, प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण. विद्युत, मोटारवाहन, बांधकाम, लेखा व कार्यालय, फलोत्पादन, वैद्यकीय प्रयोगशाळा असे अनेक अभ्यासक्रम असतात, कुठल्या महाविद्यालयात कुठला ते मंजुरीवर. भौतिक, रसायन, गणित हे विज्ञान शाखेचे विषय त्यात नसतात.

म्हणून तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर: एमसीव्हीसीवरून सरळ अभियांत्रिकी पदवीला जाता येत नाही. वळणाने जाता येतं. एमसीव्हीसी दोन वर्षं, मग संबंधित शाखेच्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी दोन, मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तीन. एकूण सात. एक वर्ष जास्त, ते काही मोठं नाही; पण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित न शिकता दुसऱ्या वर्षात बसायचं, आणि तेही मधली दोन वर्षं गणिताला हात न लावता. ५८ गुणांच्या मुलासाठी ही वाट तीन वाटांपैकी सर्वांत अवघड ठरते. सोपी वाटते ती सुरुवातीला गणित नाही म्हणून.

अठराव्या वर्षी कामाला लागायचं असेल तर मात्र एमसीव्हीसीचं महत्त्व वेगळं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९८६ ची दुरुस्ती झाली, तेव्हापासून अकरावी-बारावीला व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना 'टेक्निशियन व्होकेशनल' म्हणून एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी विद्यावेतनासह करता येते. नोंदणी नॅट्स या शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय पोर्टलवर. बारावीचं मंडळाचं प्रमाणपत्र हातात असल्याने कला-वाणिज्य पदवीचं दारही उघडं राहतं. पण इथेही काय सुटतं ते बघा. महावितरणच्या विद्युत सहाय्यकासारख्या जाहिरातींत आयटीआयचे वीजतंत्री, तारतंत्री हे व्यवसाय नावानिशी लिहिलेले असतात. मुलाच्या डोक्यात तशी नोकरी असेल तर दोन वर्षांचा आयटीआय वीजतंत्री हा सरळ रस्ता, एमसीव्हीसी नव्हे. मामासारखं स्वतःचं दुकान काढून रिवाइंडिंग करायला परवाना विचारत नाहीत. पण घराघरांतल्या वायरिंगची कामं स्वतःच्या नावावर घ्यायची तर विद्युत ठेकेदाराचा परवाना आणि पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कोणती पात्रता आणि किती अनुभव धरतात, हे जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारून या. हा प्रश्न मुलालाच विचारायला लावा, तिथल्या उत्तरातून त्याला दुकानापलीकडचा धंदा दिसेल.

द्विलक्षी किंवा एमसीव्हीसी, दोन्हींत घात होतो तो अभ्यासक्रमामुळे कमी, महाविद्यालयामुळे जास्त. जागा विज्ञानाच्या साध्या तुकडीपेक्षा बऱ्याच कमी असतात आणि मुलं कमी आली तर विषय बंद पडून मुलाला ऑगस्टमध्ये दुसरा विषय घ्यायला लावतात. म्हणून नुसतं माहितीपत्रक आणू नका, प्रयोगशाळेत जाऊन उभे राहा. मागच्या वर्षी या विषयाला किती मुलं बारावीला बसली? शिकवणारे शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि मागची दोन वर्षं तेच होते का? मोटार, ट्रान्सफॉर्मर, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), वाइंडिंग मशीन मुलांच्या हाताला लागतं की कपाटात? टेबलावर बोट फिरवा. धूळ जाडसर असेल तर उत्तर मिळालं. विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित हेही विचारा, कारण शुल्कातला फरक मोठा असतो आणि तो पावतीवर दिसेपर्यंत कुणी बोलत नाही. तुमच्या मुलाने मामाकडे पंप खोलला आहे, त्यामुळे प्रयोगशाळा खरी चालते की नाही हे त्याला तुमच्यापेक्षा आधी कळेल. त्याला बरोबर न्याच.

आता चार दिवसांचं गणित. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याचा आणि डिप्लोमाचा अर्ज दोन्ही एकाच वेळी भरता येतात, आणि भराच. मात्र दोन्हींच्या फेऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत. अकरावीला आधी नंबर लागतो, पालक घाईने मूळ दाखला आणि गुणपत्रक तिकडे जमा करतात, आणि तीन आठवड्यांनी डिप्लोमाला नंबर लागला की प्रवेश रद्द करून दाखला सोडवायला हेलपाटे सुरू होतात. कधी शुल्काचा काही भागही अडकतो. तेव्हा अकरावीचा प्रवेश निश्चित करण्याआधी डिप्लोमाच्या पहिल्या फेरीची तारीख बघून ठेवा, रद्द करण्याचा नियम विचारून ठेवा, आणि शाळेतून दाखला मिळताच त्याच्या आणि गुणपत्रकाच्या पाच-सहा प्रती काढून साक्षांकित करून घ्या. अकरावीच्या अर्जात पहिलं नाव जिथे प्रयोगशाळा बघून आलात त्याच महाविद्यालयाचं द्या. प्रवेश घेताना विषयांच्या फॉर्मवर भौतिक, रसायन, गणित आणि द्विलक्षी असंच लिहिलंय ना, हे सही करण्यापूर्वी वाचा. नंतर विषय बदलून मिळतो, पण ठरावीक मुदतीत आणि जागा असली तरच. पात्रतेचे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापले जातात. यंदाची पुस्तिका उतरवून घेऊन त्यातलं पात्रतेचं पान वडिलांसमोर ठेवा.

शेवटचा प्रश्न मराठीचा. द्विलक्षीत दुसरी भाषा सुटते, इंग्रजी सुटत नाही. राज्यातल्या बहुतेक भरतींत मराठीच्या ज्ञानासाठी दहावीच्या मराठीवर काम भागतं, आणि ती त्याने पास केली आहे. डिप्लोमाला गेला तर मराठी हा विषय तिथेही नसतो. तेव्हा दहावीचं मूळ गुणपत्रक लॅमिनेट न करता नीट जपून ठेवा. पडताळणीच्या वेळी मागे शिक्का मारायला ते कोरं लागतं.